वर्ग आधी की सरासरी आधी? बदलत्या वाऱ्यावरून समुद्राचे पृष्ठघर्षण काढताना

प्रश्न : रत्नागिरी_१७

नमस्कार. रत्नागिरीच्या अक्षांशावर, म्हणजे साधारण १७ अंश उत्तरेला, किनाऱ्यालगतच्या पट्ट्याचे एक लहान संगणकीय प्रतिमान मी चालवतो आहे. त्याला वरून द्यावे लागते ते पृष्ठघर्षण, म्हणजे वारा पाण्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर आडवा जो जोर लावतो तो. आमच्याकडे सगळे त्याला विंड स्ट्रेसच म्हणतात. सूत्र नेहमीचेच वापरले आहे : हवेची घनता, ड्रॅग गुणांक (वारा पाण्याला किती पकडतो ते सांगणारा आकडा), वाऱ्याचा एकूण वेग आणि वाऱ्याचा सदिश यांचा गुणाकार. घनता १.२ किलोग्रॅम प्रति घनमीटर आणि गुणांक ०.००१२ असा स्थिर धरला आहे, कारण लार्ज आणि पाँड यांच्या १९८१ च्या सूत्रात ४ ते ११ मीटर प्रति सेकंद या टप्प्यात हीच किंमत आहे आणि माझे बहुतेक वारे त्याच टप्प्यातले किंवा त्याहून मंद आहेत.

अडचण सरासरीची आहे. जुन्या वर्षांसाठी माझ्याजवळ वाऱ्याच्या दोन घटकांच्या केवळ मासिक सरासऱ्या आणि त्यांची प्रमाण विचलने आहेत. अलीकडच्या दोन वर्षांसाठी मात्र तासागणिक नोंदी आहेत. म्हणून त्या दोन वर्षांसाठी मी घर्षण दोन्ही मार्गांनी काढून पाहिले, एकदा मासिक सरासरी वारा सूत्रात घालून आणि एकदा तासातासाचे घर्षण काढून मग त्याची महिन्याची सरासरी घेऊन. जुलैमध्ये दोन्ही उत्तरांत दहा टक्क्यांच्या आतला फरक आला, तो मी सोडून दिला. मार्चमध्ये मात्र तासागणिक मार्गाने किनाऱ्याला काटकोनातला घटक दुपटीहून थोडा जास्त आणि किनाऱ्याला समांतर घटक सुमारे एक तृतीयांशाने जास्त आला. पहिला फरक मला निदान अंदाजाने कळतो, कारण खारे वारे आणि मतलई वारे आलटून पालटून वाहतात आणि सरासरीत एकमेकांना खातात. दुसरा मात्र मुळीच कळत नाही. मार्चमधला उत्तरेकडून येणारा समांतर घटक दिवसभरात फारसा बदलतच नाही. जे बदलत नाही त्याची सरासरी आधी घेतली काय आणि नंतर घेतली काय, उत्तर एकच यायला हवे, असे मला वाटते. प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात दोन दिवस घालवले, पण चूक सापडली नाही.

दुसरा प्रश्न प्रवाहाचा आहे. सूत्रात वाऱ्याचा वेग जमिनीच्या संदर्भात घ्यायचा की वाहत्या पाण्याच्या संदर्भात, यावर आमच्या गटात दोन मते आहेत. एकाचे म्हणणे असे की आठ-दहा मीटरच्या वाऱ्यापुढे पाव मीटरचा प्रवाह नगण्य आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की तो वजा न करणे ही मूलभूत चूक आहे. शिवाय काही काळासाठी मी उपग्रहाचे वारे वापरणार आहे. तेथेही प्रवाह वजा करावा काय?

उत्तर १ : सांख्यिकीचा_हमाल

चूक तुमच्या प्रोग्रॅममध्ये नसून मासिक सरासरीत आहे. तुमच्या "जे बदलत नाही" या वाक्यातच ती दडलेली आहे. दोन्ही कोडी एका काल्पनिक दिवसावर सोडवू. आकडे मी सोयीसाठी ठोकळ घेतले आहेत.

समजा रात्री ११ ते सकाळी ७ या आठ तासांत २ मीटर प्रति सेकंदाचा मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, ७ ते ११ हे चार तास वारा पडलेला असतो, ११ ते संध्याकाळी ७ या आठ तासांत ६ मीटरचा खारा वारा जमिनीकडे येतो आणि ७ ते रात्री ११ या चार तासांत तोच ओसरून २ मीटरवर येतो. जमिनीकडे येणारा वारा धन मानला तर दिवसाची सरासरी १.६७ येते. उत्तरेचा वारा क्षणभर बाजूला ठेवा. सरासरीचा वर्ग २.७८ आहे. तासातासाचा वर्ग, त्याचे चिन्ह राखून, आधी घेतला आणि मग सरासरी काढली तर ११.३ येते, म्हणजे चौपट. याचे कारण उघड आहे. सहाचा वर्ग छत्तीस आणि दोनचा वर्ग चार, त्यामुळे बेरजेत दोन वारे एकमेकांना जेवढे खातात तेवढे वर्गांच्या बेरजेत खात नाहीत. आठ तासांचा मतलई वारा सरासरी वाऱ्यातून सोळा मीटर-तास काढून घेतो, म्हणजे खाऱ्या वाऱ्याने दिलेल्या अठ्ठेचाळीसांचा एक तृतीयांश. घर्षणात मात्र तो खाऱ्या वाऱ्याच्या कामाचा जेमतेम नववा भाग परत घेतो.

आता उत्तरेकडून येणारा, किनाऱ्याला समांतर असा ३ मीटरचा वारा त्यात मिळवा, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे तो दिवसभर स्थिर ठेवा. सूत्रात समांतर घटकाला जो वेग गुणतो तो त्या घटकाचा स्वतःचा वेग नव्हे. तो संपूर्ण वाऱ्याचा वेग आहे. रात्री हा एकूण वेग ३.६ असतो, पडलेल्या वाऱ्यात ३, दुपारी ६.७ आणि संध्याकाळी पुन्हा ३.६. त्याची दिवसभराची सरासरी ४.५४ येते आणि तिला तीनने गुणले की १३.६ मिळतात. तुम्ही सरासरी सदिश आधी घेता तेव्हा एकूण वेग केवळ ३.४३ उरतो आणि गुणाकार १०.३ होतो. हाच तुमचा एक तृतीयांशाचा फरक. समांतर वारा तसूभरही बदलला नाही, तरी काटकोनातल्या वाऱ्याच्या येण्याजाण्याने त्याचे घर्षण वाढले. घर्षणाचे सूत्र दोन घटकांना वेगवेगळे ओळखत नाही, दोघांना जोडणारा वेग एकच असतो. याच दिवशी काटकोनातला घटक १२.२ येतो आणि सरासरी सदिशावरून ५.७, म्हणजे तुम्हाला दिसले तसे दुपटीहून थोडे जास्त. उत्तरेचा वारा सोबतीला असल्याने चौपटीचा फरक दुपटीवर आला, एवढेच.

हा फरक केवळ कागदावरचा नाही. घनता आणि गुणांक लावल्यावर समांतर घर्षण ०.०१४८ ऐवजी ०.०१९६ न्यूटन प्रति चौरस मीटर होते. तुमच्या अक्षांशावर उत्तरेचा वारा पृष्ठाचे पाणी उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून समुद्राकडे ढकलतो, आणि एकमन यांच्या १९०५ च्या हिशेबाने किनाऱ्याच्या प्रत्येक किलोमीटरमागे हे पाणी सेकंदाला सुमारे ३४० घनमीटर नव्हे तर सुमारे ४५० घनमीटर असते. त्याची जागा घ्यायला खालचे पाणी वर येते. म्हणजे प्रतिमानात खालचे थंड पाणी किती वर यावे हे दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर, तो किनाऱ्याला काटकोनात वाहत असूनही, अवलंबून आहे. मासिक सरासरीने तुम्ही ते चतुर्थांशाने कापत आहात.

जुलैमध्ये फरक का दिसला नाही, हेही याच हिशेबात आहे. मोसमी वारा जोरदार आणि एकमार्गी असतो. वारा एका दिशेला बळकट असून चढउतार त्याच्या तुलनेत लहान असले तर वेगवर्गाची खरी सरासरी म्हणजे सरासरीचा वर्ग, अधिक वाऱ्याच्या दिशेतले प्रचरण (म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग), अधिक आडव्या दिशेतल्या प्रचरणाचा निम्मा भाग. सरासरी १० मीटर आणि दोन्ही दिशांत प्रमाण विचलन २.५ धरले तर शंभराला सुमारे ९.४ ची भर पडते. जुलैच्या समाधानकारक उत्तरामुळे माणूस फसतो आणि तीच पद्धत मार्चला लावतो. अनेकांनी हे केले आहे, मीही त्यांतलाच.

उत्तर २ : दीपस्तंभ

वरील उत्तर पटले, पण उपाय त्याहून सोपा आहे असे मला वाटते. वाऱ्याच्या घटकांच्या सरासरीबरोबर वाऱ्याच्या एकूण वेगाचीही मासिक सरासरी बहुतेक नोंदींत ठेवलेली असते. सरासरी सदिशाला या सरासरी वेगाने गुणावे. तासागणिक नोंदींची गरज उरणार नाही.

उत्तर ३ : सांख्यिकीचा_हमाल

दीपस्तंभ यांचा उपाय अर्धा बरोबर आहे, आणि तो कोणता अर्धा हे पाहण्यासारखे आहे. वरच्याच दिवसाला तो लावू. सरासरी वेग ४.५४ आहे. समांतर घटकासाठी त्याला तीनने गुणले की १३.६ येतात, म्हणजे अचूक उत्तर, कारण तो घटक स्थिर असल्याने सरासरीच्या बाहेर काढता येतो. काटकोनातल्या घटकासाठी मात्र ४.५४ ला १.६७ ने गुणले की ७.६ येतात आणि खरे उत्तर १२.२ आहे. कारण तेथे वेग आणि घटक एकाच वेळी वाढतात. ज्या तासांत वारा जमिनीकडे असतो त्याच तासांत तो जोराचाही असतो, आणि हा सहसंबंध सरासऱ्यांच्या गुणाकारात हरवतो. म्हणून हा उपाय एकूण वेगाबरोबर न हलणाऱ्या घटकापुरता चालतो, दुसऱ्याला तो कमी मोजतो.

आता जुन्या वर्षांचे काय करावे. सरासरी आणि प्रमाण विचलन हाताशी असले तर वाऱ्याचे चढउतार घंटाकृती वितरणाचे आहेत असे मानून वर्गाची सरासरी सूत्राने काढता येते. सरासरी वारा चढउतारांच्या मानाने क्षीण असेल तर उत्तर आणखी सोपे होते : वारा एकाच रेषेत पुढेमागे होत असल्यास वेगवर्गाची सरासरी म्हणजे १.६ गुणिले प्रमाण विचलन गुणिले सरासरी वारा, आणि तो सर्व दिशांना सारखाच चळत असल्यास १.६ च्या जागी सुमारे १.९. ध्यानात घ्या की येथे घर्षण सरासरी वाऱ्याच्या वर्गाच्या प्रमाणात राहत नाही, ते सरळ प्रमाणात येते, आणि प्रमाण ठरवणारा आकडा चढउतारांचा असतो.

पण घंटाकृती वितरणाचे गृहीतक खाऱ्या वाऱ्याला पुरते बसत नाही. आपल्या दिवसाचे प्रमाण विचलन ३.३५ आहे. उत्तरेचा वारा पुन्हा बाजूला ठेवून पूर्ण सूत्र लावले तर ९.३ येतात आणि खरे उत्तर ११.३ होते. २.७८ वरून ९.३ पर्यंतची मजल प्रचरणाने मारून दिली, उरलेले दोन राहिले ते वितरण एका बाजूला झुकलेले असल्यामुळे. खारा वारा थोडे तास पण जोराने वाहतो आणि मतलई वारा तेवढेच तास हलकेच वाहतो. हे झुकणे सरासरी आणि प्रमाण विचलन या दोन आकड्यांत कोठेच नोंदलेले नसते.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर असे केले असते. तासागणिक नोंदी असलेल्या दोन वर्षांवरून प्रत्येक महिन्यासाठी, आणि दोन्ही घटकांसाठी स्वतंत्रपणे, खरे घर्षण आणि घंटाकृती सूत्राचे घर्षण यांचे गुणोत्तर काढून ठेवले असते आणि जुन्या वर्षांच्या उत्तरांना ते लावले असते. केवळ सरासरी वाऱ्याच्या घर्षणाशी गुणोत्तर काढू नका. सरासरी शून्याजवळ आली की ते गुणोत्तर वाटेल तिकडे उडते आणि एखाद्या एप्रिलमध्ये तुम्हाला चाळीसपट घर्षण दिसेल.

दोन खबरदाऱ्या. पहिली, चढउतार किती बारीक धरायचे याला मर्यादा आहे. ड्रॅग गुणांक ज्या मापनांवरून बसवले गेले त्यांत वारा काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत सरासरलेला होता. त्याहून लहान झुळका गुणांकात आधीच जमा आहेत. सेकंदासेकंदाच्या नोंदी मिळाल्या म्हणून त्यांचे प्रचरण वर चढवलेत तर एकच गोष्ट दोनदा मोजाल. दहा मिनिटे ते एक तास ही सरासरी ठीक आहे. दुसरी खबरदारी उंचीची. गुणांक १० मीटर उंचीवरच्या वाऱ्यासाठी आहे. हिंदी महासागरात नांगरून ठेवलेल्या रामा बोयांवर, म्हणजे तरंगत्या मापनकेंद्रांवर, वारा ४ मीटरवर मोजतात. उंचीबरोबर वारा वाढण्याच्या लघुगणकी नियमाने तो दहा मीटरवर नेला की सुमारे नऊ टक्क्यांनी वाढतो, म्हणजे घर्षण सुमारे अठरा टक्क्यांनी. ज्या माणसाने सरासरीसाठी आठवडा खर्ची घातला त्याने उंची तपासली नसावी, हे दृश्य मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

वादळांचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. अशा एखाद्या महिन्यात एकच दिवस वारा २५ मीटर प्रति सेकंद राहिला असे समजा. त्या एका दिवसाचा वर्ग तीस दिवसांवर पसरला तरी तो महिनाभर सतत वाहणाऱ्या साडेचार मीटरच्या वाऱ्याइतका भरतो. शिवाय लार्ज आणि पाँड यांच्या सूत्रात ११ मीटरच्या वर गुणांक वाऱ्याबरोबर वाढत जातो आणि २५ मीटरला तो ०.००२१ होतो, तेव्हा हा एक दिवस सहा मीटरच्या सततच्या वाऱ्याच्या तोडीचा ठरतो. वादळात वारा दिशा बदलत फिरतो म्हणून सदिश बेरजेत त्यातले काही परस्पर जिरते, हे खरे. तरीही अशा महिन्यासाठी कोणतेही मासिक गुणोत्तर वापरू नये. तो महिना वेगळा काढावा.

उत्तर ४ : भोवरा

वाऱ्याच्या बाजूला मला भर घालायची नाही, प्रवाहाच्या प्रश्नावर लिहितो. तुमच्या गटातली दोन्ही मते बरोबर आहेत, कारण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. महिन्याचे सरासरी घर्षण किती हा एक प्रश्न झाला. त्या घर्षणाने समुद्राला किती ऊर्जा दिली हा दुसरा.

तत्त्व निर्विवाद आहे. पाण्यावर जोर लावतो तो पाण्याच्या सापेक्ष वारा, म्हणून वाऱ्यातून पृष्ठप्रवाह वजा करावा. त्याने सरासरी घर्षणात किती फरक पडतो हे प्रवाह सरासरीचा आहे की चढउताराचा यावर ठरते. भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा प्रवाह जून ते सप्टेंबर दक्षिणेकडे आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तरेकडे वाहतो. हिवाळ्यात तो उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्याच्या चक्क विरुद्ध वाहतो, कारण त्याचा उगम स्थानिक वाऱ्यात नसून दूरवरून किनाऱ्याच्या कडेने येणाऱ्या लाटांत आहे. समजा उत्तरेचा वारा ३ मीटरचा आणि विरुद्ध प्रवाह ०.३ मीटरचा. सापेक्ष वारा ३.३ झाला आणि घर्षण एकवीस टक्क्यांनी वाढले. हाच प्रवाह ८ मीटरच्या वाऱ्यात साडेसात-आठ टक्क्यांचा फरक करतो. म्हणजे "प्रवाह नगण्य आहे" हे वाक्य पावसाळ्यात जेमतेम चालते आणि मंद वाऱ्याच्या महिन्यांत चालत नाही.

भरती-ओहोटीचे किंवा भोवऱ्यांचे प्रवाह, ज्यांची महिन्याची सरासरी शून्य असते, त्यांचा सरासरी घर्षणावरचा परिणाम मात्र फारच लहान आहे. ०.२ मीटरच्या प्रमाण विचलनाचे प्रचरण ०.०४ होते आणि ते ६४ मध्ये मिळवायचे असते, तेव्हा त्याची दखलही घेऊ नये. प्रवाह वाऱ्यामागून धावत असेल, म्हणजे वारा वाढला की प्रवाहही त्याच दिशेने वाढत असेल, तर सहप्रचरणाचे (दोघांच्या एकत्र हलण्याच्या मापाचे) दुप्पट वजा होते. सहसंबंध ०.५ आणि वाऱ्याचे प्रमाण विचलन ३ धरले तरी ते ६४ मधून ०.६, म्हणजे एक टक्का. तुमच्या पहिल्या सहकाऱ्याचे म्हणणे येथवर ग्राह्य आहे.

ऊर्जेचा हिशेब केला की चित्र पालटते. ऊर्जा म्हणजे घर्षण गुणिले पाण्याचा वेग, आणि या गुणाकारात चढउतारांचा प्रवाह स्वतःशीच गुणला जातो. पाणी वाऱ्याबरोबर धावते तेव्हा घर्षण घटते आणि विरुद्ध धावते तेव्हा वाढते, म्हणून वारा दोन्ही वेळा त्या चढउताराला मागेच ओढतो. ८ मीटरच्या स्थिर वाऱ्यात, दोन्ही दिशांना ०.२ मीटर प्रमाण विचलन असलेल्या भोवऱ्यांकडून वारा प्रत्येक चौरस मीटरमागे सुमारे १.४ मिलिवॉट काढून घेतो. तुलनेसाठी सांगतो, कार्ल वुन्श यांनी १९९८ साली वाऱ्याकडून जगभरच्या मोठ्या प्रवाहांना मिळणारी शक्ती सुमारे ०.९ टेरावॉट काढली होती. ती समुद्राच्या क्षेत्रफळाने भागली तर चौरस मीटरला अडीच मिलिवॉट येतात. म्हणजे सरासरी घर्षणात जे पद एक टक्क्याचेही नव्हते, तेच ऊर्जेत मुख्य पदाच्या निम्म्याच्या घरात जाते. ५० मीटर जाडीचा थर धरला तर केवळ या ओढीने त्यातला वाऱ्याच्या दिशेतला प्रवाह महिनाभरात एक तृतीयांशाच्या आसपास उरतो. प्रतिमानात प्रवाह वजा न करता वारा दिला की भोवरे वाजवीपेक्षा जास्त जोमदार आणि जास्त दिवस टिकणारे निघतात, त्याचे मूळ येथे आहे.

आपल्या समुद्रातले सर्वांत ठळक उदाहरण सोमालियाच्या किनाऱ्याजवळ पावसाळ्यात बनणाऱ्या महाभोवऱ्याचे आहे. तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. किनाऱ्याच्या बाजूला त्याचे पाणी नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर आणि समुद्राच्या बाजूला वाऱ्याविरुद्ध वाहते. दोन्ही बाजूंना वारा सारखाच १४ मीटर आणि प्रवाह २ मीटर असे समजा. एका बाजूला बाराचा वर्ग १४४ आणि दुसऱ्या बाजूला सोळाचा वर्ग २५६. वारा एकसारखा असूनही घर्षणात पावणेदोन पटीचा फरक पडला, आणि तो फरक भोवऱ्याला उलटे फिरवू पाहणारा आहे.

उपग्रहाच्या वाऱ्यांविषयी : तेथून प्रवाह पुन्हा वजा करू नका. क्विकस्कॅटवरचे किंवा आपल्या ओशनसॅट-२ वरचे स्कॅटरोमीटर वारा थेट मोजत नसे. पाण्याच्या पृष्ठावरच्या बारीक लहरी रडारने पाहून त्यांवरून ते वारा काढत असे, आणि त्या लहरी पाण्याच्या सापेक्ष वाऱ्यानेच उठतात. म्हणजे वजाबाकी समुद्राने तुमच्यासाठी आधीच केलेली असते. बोयाचा वारा मात्र जमिनीच्या संदर्भातला असतो, तेथे ती तुम्ही करायची. दोन्ही नोंदी एकाच मालिकेत जोडणार असाल तर हा सांधा नीट तपासा, नाहीतर नोंदींचा स्रोत बदलला त्या तारखेला घर्षण बदललेले दिसेल आणि तुम्ही त्याला हवामानबदल म्हणाल.

उपग्रहाची दुसरी मेख खाऱ्या वाऱ्याशी संबंधित आहे. ओशनसॅट-२ दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास जात असे, क्विकस्कॅट सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. वरच्या काल्पनिक दिवसात दुपारी बाराला ६ आणि रात्री बाराला उलट दिशेचे २ दिसतील. चिन्हासह वर्गांची सरासरी १६ येईल, खरी ११.३ असताना. गंमत म्हणजे सहा आणि सहाच्या फेऱ्यांनाही त्या दिवसात नेमके तेच दिसते. दिवसातून दोनदा पाहून रोजच्या फेऱ्याची सरासरी मिळत नाही, आणि महिनाभर पाहिले तरी मिळत नाही, कारण दर वेळी तीच घटका दिसते. शिवाय किनाऱ्यापासून पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरांत जमिनीवरून परतलेला संकेत रडारमध्ये मिसळतो, आणि तुमचा पट्टा तर तोच आहे.

पुनर्विश्लेषणाचे, म्हणजे जुनी निरीक्षणे हवामानाच्या प्रतिमानात बसवून तयार केलेल्या नोंदींतले, घर्षण थेट का वापरत नाही, असे कोणी विचारील म्हणून आधीच सांगतो. ईआरए५ या पुनर्विश्लेषणात तासागणिक घर्षण तयार मिळते, ते वाऱ्यावरून पुन्हा काढण्यापेक्षा बरे, कारण वर्ग आधी आणि सरासरी नंतर हा क्रम तेथे पाळलेला असतो. पण त्याची जाळी सुमारे ३१ किलोमीटरची आहे. सह्याद्री आणि किनारा यांच्यामधला पट्टा तिच्या एक-दोन घरांत संपतो, त्यामुळे खारा वारा तेथे बोथट होतो. खुल्या समुद्रासाठी ते घ्या, किनाऱ्याला स्थानिक नोंदींचा आधार द्या.

थोडे अवांतर. वेगाच्या वर्गावर चालणाऱ्या घर्षणाची सरासरी ही अडचण समुद्राच्या तळाशीही आहे, भरतीच्या प्रवाहामुळे. हॉलंडमध्ये झॉयडर झे समुद्राला बांध घालण्यापूर्वी १९१८ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष भौतिकीचे नोबेल मिळालेले लोरेंट्झ होते. त्यांनी वर्गाच्या जागी सरळ प्रमाणातले घर्षण घातले आणि त्याचा गुणांक असा निवडला की भरतीच्या एका फेऱ्यात जाणारी ऊर्जा दोन्हींत सारखी राहावी. त्यांनी सरासरी बलाची जुळवली नाही, ऊर्जेची जुळवली. आपल्या वरच्या दोन प्रश्नांमधला भेद त्यांनी तेव्हाच ओळखला होता.

प्रश्नकर्ता : रत्नागिरी_१७

सर्वांचे आभार. काल रात्री एक चाचणी घेतली. तासागणिक नोंदींमधला काटकोनातला घटक त्याच्या मासिक सरासरीवर गोठवला, समांतर घटक जसाच्या तसा ठेवला आणि घर्षण पुन्हा काढले. समांतर घर्षणातली एक तृतीयांश वाढ जवळजवळ नाहीशी झाली. उलट, समांतर घटक गोठवून काटकोनातला मोकळा सोडला तेव्हा ती पुन्हा जशीच्या तशी आली. म्हणजे ती वाढ खाऱ्या वाऱ्याचीच होती.

जुन्या वर्षांसाठी घंटाकृती सूत्र आणि त्यावर महिन्यागणिक गुणोत्तर असे ठरवले आहे. दोन्ही वर्षांची गुणोत्तरे मार्च-एप्रिलमध्ये जवळपास जुळतात. ऑक्टोबरमध्ये जुळत नाहीत, आणि एका ऑक्टोबरमध्ये तीन दिवस वारा पूर्वेकडून जोराने वाहिला होता, हे त्याचे कारण दिसते. तो महिना मी उत्तर ३ मधल्या सल्ल्याप्रमाणे वेगळा काढतो. प्रवाह वजा करण्याची सोय प्रतिमानात होती, ती मी बंद करून ठेवली होती. आता बोयाच्या वाऱ्यांसाठी ती चालू केली आहे आणि उपग्रहाच्या वाऱ्यांसाठी बंदच ठेवली आहे. बोयाची उंची मात्र मी खरोखरच तपासली नव्हती.